घरची एक कारवानी मादी, वर्षाला एक वेत: हे जमतं का?

मु_पो_आटपाडी
घरात कारवानी, म्हणजे आपल्या देशी शिकारी जातीची, एक कुत्री आहे. वय अडीच वर्षं, वजन वीस-बावीस किलो, केनेल क्लबचा वंशावळीचा कागद आहे, अजून एकदाही नराला लावलेली नाही. सोप्यात राहते, पोरांबरोबर खेळते. शेड, पिंजरे, दहा माद्या असलं काही करायचं नाही. वर्षाला एकच वेत घ्यायचं, पिल्लं घरातच वाढवायची आणि माणसं बघून द्यायची, एवढाच विचार आहे. प्रश्न तीन. कायद्याने काय लागतं? लावण्यापासून पिल्लू देईपर्यंत नेमकं काय काय करावं लागतं? आणि शेवटी हातात काही उरतं का? "छंद म्हणून करा, पैशाचं बघू नका" असं कृपया सांगू नका, पैशाचं बघावंच लागणार आहे.

शेपूट
चौथा प्रश्न मी देतो. सात पिल्लं झाली आणि तीनच गेली, तर उरलेली चार पिल्लं वर्षभर सांभाळायची तयारी आहे का? याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिले तीन विचारूच नका.

कागदपत्री
कायद्याचं आधी. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम २०१७ साली आले. पैदास करून पिल्लं विकणारा प्रत्येक जण त्यात येतो. 'एकच मादी आहे, घरगुती आहे' म्हणून सूट मिळत नाही. राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, शुल्क पाच हजार रुपये, मुदत दोन वर्षं.

ज्या अटींवर लोक हमखास अडकतात त्या अशा. मादी अठरा महिन्यांच्या आत लावायची नाही. आठ वर्षांनंतर लावायची नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यभरात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि त्याआधी कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवायची. सहा महिन्यांवरचं जनावर नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही, घेणारा स्वतः नोंदणीकृत ब्रीडर असेल तरच सूट. शेपूट यांचा प्रश्न म्हणूनच नेमका आहे. उरलेल्या चार पिल्लांचं घड्याळ सहाव्या महिन्याला वाजतं.

नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. लावल्याची तारीख, नर कोणता, किती पिल्लं, किती जगली, कुणाला दिली, चिपचा नंबर. शंभर पानी वही पुरते.

तिखटमीठ
गावागावात बेवारस पिल्लं मरतायत आणि इथे आणखी जन्माला घालायची चर्चा चालली आहे. कोणीतरी म्हणायलाच हवं म्हणून म्हटलं. चालू द्या.

ससेहोलपट
@तिखटमीठ, मुद्दा चुकीचा नाही, पण तो कारवानीपेक्षा शहरातल्या पग-हस्की दुकानांना जास्त लागू आहे. कारवानीचं दुखणं उलटं आहे. शुद्ध वाण कमी, आणि जो आहे तो आपापसात इतका लावलेला की बापलेक कोण ते मालकालाही सांगता येत नाही.

पशुवैद्यक_लातूरकर
त्याच मुद्द्यावर. बाप आणि मुलगी लावली की पिल्लांत आंतरप्रजननाचा गुणांक २५ टक्के येतो, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलतभावंडांत सव्वासहा. गावातल्या गावात नर बघितला तर यातलं एखादं नातं निघायचीच शक्यता जास्त. म्हणून नर दुसऱ्या तालुक्यातला नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातला बघा आणि दोघांच्या वंशावळी निदान चार पिढ्या शेजारी ठेवून वाचा. लहान वेत, कमी वजनाची पिल्लं, एकच अंडकोश उतरलेले नर, हे सगळं आधी तिथे दिसतं.

लावायच्या आधी दोघांचीही ब्रुसेला कॅनिस या जंतूसाठी रक्ततपासणी करा. हा आजार असलेली मादी बहुधा पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांदरम्यान गाभ टाकते आणि नर कायमचा बाधित राहतो. हा माणसालाही होतो. घरात लहान मुलं असताना ही तपासणी टाळणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मादीचं लसीकरण आणि जंताचं औषधही आधीच उरकायचं. गाभणपणात लस टोचत बसू नये.

रानवाट
लावायच्या दिवसाचा आमच्याकडे सरळ हिशोब आहे: माजाचं रक्त दिसल्यापासून नववा आणि अकरावा दिवस. दिवस ठरवायला रक्त तपासायला कोण जातंय पुण्याला?

पशुवैद्यक_लातूरकर
@रानवाट, दिवस मोजून लागतं, नाही असं नाही. पण 'मादी फळत नाही' अशा तक्रारींत मादी ठणठणीत आणि दिवस चुकलेला, हेच फार वेळा निघतं. काही माद्या सातव्या दिवशी तयार होतात, काही अठराव्या. शिवाय पहिला रक्ताचा थेंब मालकाला दिसतो तो खरा पहिला दिवस असतोच असं नाही. कारवानी स्वतःला चाटून साफ ठेवते, त्यात दोन-तीन दिवस सहज जातात.

प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी सहाव्या-सातव्या दिवशी सुरू करून एक दिवसाआड करा. आकडा पाचच्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) आसपास आला की बीज सुटलं असं धरतात. कुत्रीचं बीज सुटल्या सुटल्या फळत नाही, पक्व व्हायला आणखी दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पाचचा आकडा आल्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी लावायचं. तालुक्याला सोय नसेल तर योनिमार्गाचा स्वॅब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं स्वस्त आहे. तेवढं नेमकं नाही, पण दिवस मोजण्यापेक्षा बरं.

याचा दुसरा फायदा शेवटी कळतो. बीज सुटल्यापासून ६३ दिवस, एखादा दिवस इकडेतिकडे, ही तारीख पक्की. लावल्यापासून मोजलं तर ५८ ते ६८ असा दहा दिवसांचा घोळ राहतो आणि 'दिवस भरले की नाही' या वादात पिल्लं पोटात मरतात.

कागदपत्री
नराच्या मालकाशी बोलणं कागदावर करा. रोख फी की पहिल्या निवडीचं पिल्लू? पिल्लू असेल तर कितव्या दिवशी निवडणार? एकच पिल्लू जगलं तर ते कोणाचं? मादी रिकामी राहिली तर पुढच्या वेळी फुकट लावणार का? भांडणं होतात ती या चार प्रश्नांवरूनच.

शेपूट
आणि लागल्यावर नर-मादी एकमेकांत अडकले की ओढायला जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही, दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात. मादी बसू नये म्हणून पुढे एकाने पट्टा धरायचा, एवढंच काम. बादलीभर पाणी ओतणारे शेजारी आधीच आवरा.

त्यानंतरही माज पूर्ण उतरेपर्यंत कडीकुलपात. दुसरा नर लागला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. कारवानीला चार फुटांचं कुंपण म्हणजे पायरी आहे.

माळरान
गाभण आहे की नाही ते अठ्ठाविसाव्या-तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत कळतं. पिल्लं मोजायची असतील तर एक्स-रे, तोही पंचावन्न दिवसांनंतर, तेव्हा हाडं दिसतात. हा एक्स-रे चुकवू नका. सात मोजली असतील आणि सहा बाहेर आली, तर एक आत आहे हे तुम्हाला माहीत असतं.

खाणं पहिले पाच-सहा आठवडे नेहमीइतकंच. नंतर हळूहळू वाढवत शेवटी दीडपट. पोटात जागा नसते, म्हणून दिवसातून चारदा थोडं थोडं. आणि कॅल्शियमची बाटली लावल्या दिवसापासूनच सुरू करा, हाडं मजबूत होतात.

पशुवैद्यक_लातूरकर
@माळरान, बाकी सगळं बरोबर, शेवटचं वाक्य मात्र धोक्याचं आहे. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम दिलं की हाडांतून कॅल्शियम काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. मग दूध जोरात सुरू झाल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. धाप, थरथर, ताठ पाय, ताप, झटके. शिरेतून हळू कॅल्शियम दिल्याशिवाय वाचत नाही, आणि तेही डॉक्टरनेच, कारण घाईत दिलं तर हृदय थांबतं. गाभण मादीला चांगल्या प्रतीचं पपी फूड पुरतं.

माळरान
बाटली कपाटात परत ठेवली. धन्यवाद डॉक्टर.

ससेहोलपट
थोडं अवांतर. धाग्यात कोणी अजून 'कारवानी की मुधोळ' हा वाद कसा काढला नाही?

रानवाट
काढलाच ना तुम्ही. कृष्णेच्या अलीकडे कारवानी, पलीकडे मुधोळ, आणि कान-शेपटीला झालर असली की पश्मी. केनेल क्लब कारवान हाउंड म्हणून नोंद करतो. मुधोळ हे संस्थानामुळे पडलेलं नाव, घोरपडे राजांमुळे. डाक खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे, कारवानी नाही. तेव्हापासून सांगली-लातूरकरांच्या पोटात दुखतंय.

ससेहोलपट
दुखणारच! आणि बागलकोट जिल्ह्यात तिम्मापूरला मुधोळसाठी विद्यापीठाचं केंद्रही आहे. आपण बसलोय 'शुद्ध कारवानी पाहिजे' अशा पाट्या लावून.

तिखटमीठ
मूळ धागा व्याला तरी का?

सोपा_आणि_ओसरी
व्यायलाच येतोय. विण्याची पेटी दहा दिवस आधी तयार ठेवा, म्हणजे तिला तिथे झोपायची सवय लागते. या मापाच्या मादीला चार फूट बाय चार फूट. तीन बाजू दीड फूट उंच, चौथी बाजू काढता-घालता येणाऱ्या फळ्यांची. आतून चारी बाजूंनी, भिंतीपासून चार इंच पुढे आणि जमिनीपासून चार इंच वर, दांडी ठोकायची. दीड इंची पीव्हीसी पाइप चालतो. आई भिंतीला टेकून बसली की मागे सापडलेलं पिल्लू चिरडतं. दांडीमुळे त्याला पोकळी मिळते. लोक पेटी सुंदर करतात आणि दांडी विसरतात.

खाली वर्तमानपत्रांची जाड रद्दी, व्याल्यानंतर त्यावर वाकळ किंवा रबरी पाठीची चटई, कडा दाबून बसवलेली. नुसत्या फरशीवर किंवा गुळगुळीत कागदावर वाढलेल्या पिल्लांचे पाय बेडकासारखे फाकतात.

दिवस भरत आले की गुदद्वारात थर्मामीटर लावून दिवसातून तीनदा तापमान घ्या. ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलं की बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. जवळ हवं ते: स्वच्छ टॉवेल दहा-बारा, निर्जंतुक दोरा, कात्री, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, वेगवेगळ्या रंगांची लोकर, वही, पेन आणि डॉक्टरचा रात्री उचलला जाणारा नंबर. शेवटची वस्तू मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पशुवैद्यक_लातूरकर
फोन कधी करायचा ते सांगतो. जोरात कळा देत असून अर्ध्या तासात काही बाहेर आलं नाही तर. आत पिल्लू आहे हे माहीत असून दोन तास सगळं शांत असेल तर. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळा स्राव दिसला तर, कारण याचा अर्थ वार सुटली. पिल्लू आल्यावर तोच रंग नेहमीचा. वारा मोजा, जितकी पिल्लं तितक्या.

सिझेरियनची वेळ आली तर डॉक्टरला आठवण करा की ही कारवानी आहे. या जातीच्या अंगावर चरबी जेमतेम. थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून अशी कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात. प्रोपोफॉल आणि वायूची भूल जिथे आहे तो दवाखाना आधीच हेरून ठेवा. कळा सुरू असताना गाडीत बसून शोधू नका.

प्राजक्ताचा_सडा
जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे माझ्याकडे लागले.

प्रत्येक पिल्लाला चीक मिळाला पाहिजे, तोही पहिल्या काही तासांत. चोवीस तासांनंतर आतड्यातून ती प्रतिकारशक्ती शोषली जात नाही. पिल्लाच्या गळ्यात लोकरीचा सैल धागा, प्रत्येकाला वेगळा रंग, दर दोन दिवसांनी बदला कारण गळा वाढतो. रोज एकाच वेळी वजन. पहिल्या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत घट खपवून घ्यायची, त्यानंतर रोज वाढलंच पाहिजे. आठ-दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट. एखाद्याचं वजन लागोपाठ दोन दिवस हललं नाही तर ते रडायच्या आधीच काट्याने सांगितलेलं असतं.

पेटीच्या एका कोपऱ्यात तीस अंश सेल्सियसच्या आसपास ऊब, बाकी पेटी गार. पिल्लं स्वतः सरकतात. ढीग करून एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, पेटीभर पसरून धापत असतील तर गरम होतंय. बल्ब थेट डोक्यावर लटकवू नका, आई भाजते आणि पेटीतून उठून जाते.

सगळ्यात मोठी चूक: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं. थंड अंगात आतडं हलत नाही, दूध तसंच राहतं, पोट फुगतं आणि पिल्लू जातं. आधी अंगाशी धरून तास-दोन तासांत हळूहळू गरम करायचं, मग दूध.

वरचं दूध लागलंच तर पिल्लांसाठी मिळणारी भुकटी. गाईचं दूध कुत्रीच्या दुधापुढे पाणी आहे. स्निग्धांश निम्म्याहून कमी, प्रथिनं तशीच कमी, साखर मात्र जास्त, म्हणून जुलाब. एका वेळी शंभर ग्रॅम वजनाला चार मिलीच्या वर नाही. चारशे ग्रॅमचं पिल्लू असेल तर सोळा मिली. पाजताना पोटावर उपडं धरायचं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की ओल्या कापसाने खाली पुसायचं, कारण तीन आठवड्यांपर्यंत आपणहून शी-शू होत नाही.

आठवड्याला नखं कापा. सडांवर ओरखडे आले की गाठ होते, आणि दुखलं की आई पाजायलाच बसत नाही.

रातकिडा
वाचनखूण साठवली. 'घरात वाढवलेलं' म्हणजे नक्की काय? जाहिरातीत तर सगळेच तसं लिहितात.

सोपा_आणि_ओसरी
@रातकिडा, जाहिरातीत 'घरात' म्हणजे बऱ्याचदा घराच्या पाठीमागच्या पत्र्यात. खरा अर्थ तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात कळतो. या काळात पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं, आणि जे चुकतं त्याला ते दचकतं. यातले पाच-सहा आठवडे तुमच्या हातात असतात.

तर पेटी तिसऱ्या आठवड्यात आतल्या खोलीतून सोप्यात. कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही, दारावरची कडी. फरशी, शेणाने सारवलेली जमीन, वाळू, पोतं, रोज वेगळं पायाखाली. टोपीवाला, चष्मेवाला, काठीवाला, नऊवारीतली आजी. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच उचलायचं, उभ्याने नाही. पाचव्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं एकेक पिल्लू भावंडांपासून वेगळं. कारवानीला पळणारी वस्तू दिसली की मागे लागायचं रक्तातच आहे, त्यामुळे कोंबड्या आणि मांजर याच वयात जाळीपलीकडून रोज दाखवा. पूर्ण भरवसा तरी धरू नका.

पंचेचाळीस दिवसांत देऊन टाकण्यात खाण्याचा खर्च वाचतो हे खरं. पण सहाव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांकडून शिकतं की चावा किती जोरात लागतो. घेणाऱ्याच्या पोरांच्या हातावर ते शिकू नये.

ससेहोलपट
आणि 'शिकारीला पाहिजे' असं फोनवर म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. माझं नाव बघून मला विचारू नका.

माळरान
पार्व्होबद्दल, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूबद्दल, कोणीच बोललं नाही. पिल्लं बघायला येणारे तीन घरं फिरून येतात, चपलेला विषाणू घेऊन. अंगणात चपला काढा, हात साबणाने धुवा, पहिल्या लसीआधी कुणाच्या मांडीवर पिल्लू नाही. फिनेलने पार्व्हो मरत नाही, ब्लीच लागतं: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, आधी घाण धुऊन मग दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे वेगळ्या जागेची सोय आधीच बघा. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, वजन करून, त्याच वेळी आईलाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीज तीन महिन्यांनी. म्हणजे रेबीज नवीन मालकाने करायची, ते कार्डावर लाल पेनने लिहून द्या.

शेपूट
आता तिसरा प्रश्न, ज्याला सगळे बगल देतायत. रुपयांत सांगत नाही, तुमच्या तालुक्यातले भाव तुम्ही घाला.

बावीस किलोच्या मादीला एरवी रोज साधारण तीनशे ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. दूध भरात असताना नऊशे. आठ आठवड्यांची सरासरी सातशे धरली तर ३९ किलो. सात पिल्लं चौथ्या आठवड्यानंतर सरासरी दीडशे ग्रॅमने अठ्ठावीस दिवस खातात, म्हणजे २९ किलो. एकूण सत्तर किलोच्या घरात. सात पहिल्या लसी, सात चिपा, अठ्ठावीस जंताच्या मात्रा. प्रोजेस्टेरॉन तीन-चार वेळा, ब्रुसेला, सोनोग्राफी, एक्स-रे. नराची फी आणि जाण्या-येण्याचं डिझेल. नोंदणीचे पाच हजार दोन वर्षांत विभागून. आणि एका सिझेरियनचे पैसे बाजूला ठेवलेले, लागोत न लागोत.

या बेरजेला सातने नाही, चारने भागा. एक पिल्लू नराच्या मालकाचं, एक दगावेल असं धरायचं, एक उशिरा आणि पडत्या भावात जाईल. चारने भागून आलेल्या आकड्याला तुमच्या भागात नोंदणीकृत कारवानीचं पिल्लू जात असेल तर तोंडमिळवणी झाली. त्याच्या वर गेलं तर ती तुमची मजुरी, आणि त्यात पहिल्या दोन आठवड्यांची रात्रपाळी आली. पोटापाण्याचा धंदा एका मादीवर होत नाही. तिच्या वर्षभराच्या खाण्या-औषधाचा खर्च निघून वर थोडं उरतं, तेही चांगल्या वर्षी.

रानवाट
+१. चारने भागणे हे आवडलं. आमच्याकडे सगळे दहाने गुणतात.

कागदपत्री
पावतीवर एक ओळ घाला: कधीही सांभाळणं जमलं नाही तर आधी आम्हाला कळवा, आम्ही परत घेऊ. म्हणजे तुमचं पिल्लू चार वर्षांनी तिखटमीठ यांच्या यादीत जायचं नाही.

तिखटमीठ
ही ओळ लिहिणारा एक जरी निघाला तरी माझा विरोध अर्धा झाला.

मु_पो_आटपाडी
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. चारने भागलं. आकडा नाराज करणारा आहे, पण उणे नाही. तिचा पुढचा माज नोव्हेंबरअखेरीस अपेक्षित आहे. दहा डिसेंबरच्या सुमारास बीज सुटलं असं धरलं तर अकरा फेब्रुवारीला वेत आणि आठ एप्रिलला आठ आठवडे पूर्ण. मधल्या काळात नोंदणी आणि नर शोधणं. एक शंका: पेटी सोप्याच्या उत्तरेच्या भिंतीला ठेवू की माजघरात? माजघरात ऊब आहे, पण येणंजाणं तिथूनच.

सोपा_आणि_ओसरी
पहिले तीन आठवडे माजघराच्या आतली खोली, जिथून जाणारा रस्ता नाही. मग सोपा, पण दाराच्या सरळ रेषेत नको, वारं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी उत्तरेच्या भिंतीपाशी, खिडकीला ओलं गोणपाट. फळ्या तेव्हा काढून टाका.

शेपूट
आणि दांडी ठोका.